पितळेचा सांधा

नऱ्ह्यातल्या त्या शेडच्या पत्र्याखाली कोळ्यांची जाळी आहेत आणि ती पांढरी आहेत. धुळीनं पांढरी नव्हेत. जवळून पाहिलं तर कापूस पिंजताना उडणाऱ्या तुसासारखे बारीक तंतू त्यांना लटकलेले दिसतात. शेडमधली पोरं त्याला ‘कापूस’च म्हणतात. हा कापूस म्हणजे जस्त. परवापर्यंत कुठल्यातरी पितळी नळीत तांब्याच्या शेजारी नांदत होतं. ज्योत लागली तसं वाफ होऊन उडालं, हवेत जळून पांढरं झालं आणि वर जाऊन जाळ्यात अडकलं. युरोपातले किमयागार यालाच लॅटिनमध्ये ‘तत्त्वज्ञाची लोकर’ म्हणत.

शेडमध्ये गिऱ्हाईक सांगेल त्या मापाचं धातूकाम होतं. पुढच्या भागात लोखंड: गेट, ग्रिल, जिन्याचे सांगाडे. मागे, मधे भिंत घालून, पितळ. बंगल्याच्या जिन्याचा कठडा, हॉटेलच्या काउंटरची पट्टी, देवळाच्या गाभाऱ्याचा उंबरठा, कुणाच्या तरी दिवाणखान्यातला दोन माणसांच्या उंचीचा दिवा. भिंत कशाला, असं विचारलं तर पॉलिशवाला तुमच्याकडे कीव आल्यासारखं बघतो. लोखंडाचा एक कण बफच्या कापडात शिरला तर दिवसभर तो पितळेवर ओरखडे काढत बसतो. इथं कानशीसुद्धा वेगळ्या आहेत. पितळेच्या कानशीच्या मुठीला लाल चिकटपट्टी गुंडाळलेली असते आणि ती लोखंडाला लावणाऱ्याला शिव्या बसतात.

मागच्या भागाचा कारभार मामांकडे आहे. टिग वेल्डिंग करणारा त्यांचा भाचा त्यांना मामा म्हणतो, म्हणून सगळी शेडच मामा म्हणते. घराणं तांबटांचं. पेशवाईत कोकणातून पुण्यात आलेल्या आणि कसब्यातल्या तांबट आळीत स्थिरावलेल्या त्वष्टा कासारांपैकी. मामांचं लहानपण मठारकामाच्या आवाजात गेलं. तांब्याच्या हंड्यावर हातोडीचे ठसे एकाला एक लागून कसे पडावेत हे ते शाळेआधी शिकले. “पण तांबं गरीब हो,” ते म्हणतात, “कितीही तापवा, घर सोडत नाही. पितळेचं तसं नाही. त्याच्या घरात जस्त आहे.”

मामांचं हे बोलणं आकड्यांत मांडलं तर असं होतं: तांबं वितळतं 1085 अंशांना. जस्त वितळतं 420 च्या आसपास आणि 907 अंशांना उकळायला लागतं. सत्तर भाग तांबं, तीस भाग जस्त असलेलं पितळ 915 ते 955 च्या दरम्यान वितळतं. म्हणजे पितळेला वितळवून जोडायला जावं, तर त्याच्या पोटातलं जस्त आधीच उकळीच्या टप्प्यात आलेलं असतं. ते बाहेर पडताना सांध्यात बुडबुडे सोडून जातं आणि जाता जाता रंगही घेऊन जातं. जस्त कमी झालेली जागा तांबूस दिसते. पितळ जोडण्याच्या सगळ्या युक्त्या या एका भांडणातून निघाल्या आहेत.

गंमत अशी की पितळ जन्माला आलं तेच या वाफेमुळे. निव्वळ जस्त हाती येण्याच्या कितीतरी आधीपासून माणूस पितळ करत होता. जस्ताची माती (आपल्या रसशास्त्रातलं खर्पर), कोळसा आणि तांब्याचे तुकडे बंद मुशीत तापवायचे. मातीतून सुटलेली जस्ताची वाफ पळायला वाट नाही म्हणून तांब्यातच मुरायची. पुढे राजस्थानात उदयपूरजवळच्या झावरला मातीच्या उलट्या टांगलेल्या मुशींमधून ही वाफ खाली थंड जागेत उतरवून जस्त वेगळं काढायची विद्या मोठ्या प्रमाणावर चालू झाली. इंग्लंडात ब्रिस्टलच्या विल्यम चँपियननं जस्त काढण्याचं पेटंट घेतलं ते 1738 साली, म्हणजे झावरच्या कितीतरी शतकं नंतर. वाफ कोंडून पितळ झालं आणि वाफ सुटली की पितळ बिघडतं. मामांना झावरचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मग बरोबर आहे. आलं तसं जायला बघणारच.”

ही वाफ माणसालाही सोडत नाही. दिवसभर पंखा न लावता पितळ तापवलं की संध्याकाळी तोंडात गोडसर धातूची चव येते, मग अंग मोडून थंडी वाजते, ताप चढतो. दुसऱ्या दिवशी माणूस ठणठणीत. सुट्टीनंतर सोमवारी हा ताप हमखास गाठतो, कारण रोजच्या धुराची शरीराला झालेली सवय दोन दिवसांत मोडते. जुने कारागीर यावर दूध प्यायला किंवा गुळाचा खडा चघळायला सांगत. धूर जातो फुप्फुसात आणि दूध पोटात, पण सांगायचं कुणी. आता टेबलाशेजारी धूर ओढणारा पाइप आहे, मास्क आहेत. मामा आणखी एका गोष्टीला जपतात: सांधा जोडायच्या चांदीच्या डाखाच्या कांड्यांचं पाकीट उघडण्याआधी त्यावर ‘कॅडमियममुक्त’ लिहिलंय का ते चष्मा लावून वाचतात. जुन्या कांड्यांत कॅडमियम असे, आणि त्याचा धूर सकाळपर्यंत बरा होणारा ताप देत नाही, जीव घेऊ शकतो.

आता प्रत्यक्ष सांधा. भाच्याचा भरवसा टिगवर. आर्गॉन वायूच्या आडोशात टंगस्टनच्या टोकाशी ठिणगी धरायची आणि हातानं सिलिकॉन ब्राँझची कांडी घालत जायचं. तो ठिणगी पितळेवर रोखतच नाही, कांडीवर रोखतो. कांडी वितळून पितळेला चिकटते, खालचं पितळ जेमतेम ओलं झाल्यासारखं दिसतं की तो पुढे सरकतो. वेगवान काम, मजबूत सांधा. पण ब्राँझचा रंग पितळेहून लालसर. जिन्याच्या कठड्यावर सांधा खालच्या अंगाला असेल तर चालतं. काउंटरच्या समोरच्या कोपऱ्यात असेल तर पॉलिशनंतर पिवळ्या धोतराला गुलाबी टाका घातल्यासारखा उठून दिसतो.

मामा समोरच्या कोपऱ्यांना चांदीचा डाख देतात. त्या दिवशी दीड इंची नळीचा काटकोनी कोपरा होता. दोन्ही तोंडं पंचेचाळीस अंशांत कापलेली. त्यांनी ती एकमेकांवर टेकवून उजेडासमोर धरली, फटीतून उजेड दिसला, पुन्हा कानस मारली, पुन्हा धरली. असं सहा-सात वेळा. फट केसाएवढी हवी. मोठी झाली तर डाख आत ओढला जात नाही, नाहीशीच झाली तर शिरायला जागा राहत नाही. मग पांढरा फ्लक्स ब्रशनं लावला, तारेनं बांधलं आणि विटांच्या आडोशात ठेवलं. ज्योत सांध्यावर नाही, सांध्याच्या दोन्ही बाजूंना फिरत राहिली. पितळ उष्णता पळवतं, म्हणून आजूबाजूचा मुलूख आधी तापवावा लागतो. फ्लक्स फसफसला, फुगला, खरखरीत झाला आणि मग अचानक काचेसारखा पातळ होऊन वाहिला. मामांनी शेडचा दिवा बंद करायला सांगितला. अंधारात नळीवर लाली नुकती चढत होती. त्यांनी कांडी फक्त आतल्या बाजूनं टेकवली. चांदीची एक चमकती रेघ बाहेरच्या फटीत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पळत गेली, आणि ज्योत बाजूला झाली. हे सगळं 650-700 अंशांच्या आसपास उरकतं, जस्ताच्या उकळीच्या बरंच खाली. धूर नावाला.

तरी चांदीची रेघ ती रेघच. केसाएवढी, पांढरी. मामांना ती डाचते. त्यांच्या वडिलांच्या वेळची झाळायची रीत वेगळी होती. पितळेलाच पितळ जोडायचं. डाखाच्या पितळेत जस्त जास्त घालायचं, जवळपास निम्मं, म्हणजे ते जोडायच्या पितळेच्या थोडं आधी पाझरतं. त्याचा चुरा टाकणखार आणि पाण्यात कालवून सांध्यावर थापायचा आणि भात्यावर तापवायचं. डाख पाझरण्यात आणि भांडंच बसकण मारण्यात अंतर जेमतेम पन्नास-साठ अंशांचं. पण जमलं तर सांध्याचा रंग पितळेच्याच घराण्यातला. मला विचाराल तर दिसण्यात त्या रितीच्या पुढे अजून काही गेलेलं नाही. फक्त तेवढा उशीर आणि तेवढं नुकसान सोसणारं गिऱ्हाईक उरलेलं नाही.

झाळून झालं की काळवंडलेला तुकडा सौम्य आम्लात टाकतात. तिथं एका नव्या पोरानं माझ्यादेखत लोखंडी सांडशीनं तुकडा बाहेर काढला. सगळा कोपरा साखरपुड्यातल्या शालूसारखा गुलाबी! आम्लात विरघळून राहिलेलं तांबं लोखंडाचा स्पर्श होताच पितळेवर चढून बसलं होतं. मामा ओरडले नाहीत. खिळ्याला टांगलेला बांबूचा चिमटा काढून त्याच्या हातात दिला आणि पॉलिशवाल्याकडे बघून हात जोडले.

पॉलिशवाला मुरादाबादचा, पितळेच्या शहरातलाच. तो मराठी समजतो, हिंदीत उत्तर देतो. त्याच्यापुढे येणारा माल आधीच ऐंशी, एकशेवीस, दोनशेचाळीस, चारशे अशा पेपरांतून गेलेला असतो. प्रत्येक पेपर आधीच्या पेपराच्या आडव्या दिशेनं मारायचा, म्हणजे जुने ओरखडे कुठे उरलेत ते दिसतं. मधला एखादा पेपर गाळायचा मोह सगळ्यांना होतो आणि तो बफवर उघडा पडतो: आरशासारख्या चकाकीच्या तळाशी ऐंशीच्या पेपराच्या रेघा, पाण्याखालच्या शेवाळासारख्या.

बफची मोटर मिनिटाला 2800 च्या घरात फिरते. आधी काथ्याचं चाक आणि तपकिरी साबण, तो कापतो. मग सुती कापडाचं मऊ चाक आणि पांढरा साबण, तो रंग आणतो. साबण म्हणजे मेणात आणि चरबीत कालवलेली बारीक भुकटी; अंघोळीशी संबंध नाही. तुकडा चाकाच्या मध्याच्या थोडा खाली धरायचा आणि धार कधी चाकाच्या तोंडावर द्यायची नाही. दिली तर चाक तुकडा हिसकावून घेतं आणि फेकतं. समोरच्या भिंतीवर असे चार-पाच खड्डे आहेत. हातमोजे घालण्याबद्दल त्याचं मत स्पष्ट आहे: बोट भाजलेलं चालेल, मोजा चाकात अडकलेला चालणार नाही.

इथंच सांधा खरा कळतो. जस्ताचा एखादा बुडबुडा पृष्ठभागाच्या अगदी खाली दबून बसलेला असतो, पेपरपर्यंत कुणाला दिसत नाही. बफ वरचा पापुद्रा काढतो आणि सुईच्या टोकाएवढं भोक उघडतं. त्यात काळा साबण भरतो. भोक तसंच ठेवून माल पाठवला, तर आत राहिलेला ओलावा आठवड्याभरात हिरवा ठिपका होऊन बाहेर डोकावतो. मग पुन्हा झाळा, पुन्हा ऐंशीपासून सुरुवात. एका कोपऱ्याचे तीन दिवस होतात, आणि गिऱ्हाईक हिशेब किलोवर मागतं.

वाकवलेल्या पितळेची आणखी एक खोड आहे, आणि तिचा शोध आपल्या पावसाळ्याशी जोडलेला आहे. इंग्रजांच्या फौजेची पितळी काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात घोड्यांच्या पागेजवळ साठवलेली असत, आणि ती आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि थंडच ठोकून-ओढून आकार दिलेल्या पितळेतला ताण यांची ही युती आहे, हे नीट उलगडलं ते 1921 च्या सुमारास. म्हणून नळी वाकवल्यावर मामा ती तीनेकशे अंशांपर्यंत हलकी शेकून घेतात, आणि माल देताना बजावतात की काच पुसायचा निळा फवारा पितळेवर मारू नका. कित्येक फवाऱ्यांत अमोनिया असतो.

इतकं करूनही निम्मी गिऱ्हाइकं फोनवर फोटो दाखवतात आणि म्हणतात, असंच हवं, पण स्वस्तात. त्यांना स्टीलची नळी मिळते. निर्वात भट्टीत तिच्यावर टायटॅनियम किंवा झिर्कोनियम नायट्राइडचा केसाहून कितीतरी पातळ थर चढवतात, आणि स्टील सोनेरी दिसायला लागतं. वाईट नाही, काळं पडत नाही, पुसावं लागत नाही. पण खोल ओरखडा गेला की खालून पांढरं स्टील बघतं. आपल्याकडे सोन्याचा मुलामा गेला की पितळ उघडं पडायचं, त्यावरून सगळी लबाडी ओळखायची. आता पितळच मुलामा झालंय. मामांनी हे ऐकून मान हलवली आणि म्हणाले, “चला, बढती तरी झाली.”

अस्सल पितळ घेणाऱ्यांना ते कायम चकाकत राहायला हवं असतं. त्यासाठी लॅकर. इन्क्रालॅक नावाचं जे लॅकर आजही तांब्या-पितळेवर मारतात, ते 1960 च्या दशकात यासाठीच तयार झालं. मारण्याआधी साबणाचा शेवटचा कण काढावा लागतो, सुती मोजे घालूनच हात लावावा लागतो. घामाचा एक ठसा लॅकरखाली राहिला तर महिन्यात तो तपकिरी होऊन कुणाचं बोट ते सांगतो. 2008 साली अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं तांब्याच्या मिश्रधातूंवर जिवाणू मरतात, याची रीतसर नोंद केली. तेव्हापासून पितळी मुठी मागताना लोक हेही कारण सांगतात. आणि मग म्हणतात, वर लॅकर मारून द्या. जिवाणूंना पितळ लागणार कुठून, हे मामा विचारत नाहीत.

गेल्या पावसाळ्यानंतर ते एका जुन्या गिऱ्हाइकाकडे गेले, तेव्हा मीही बरोबर होतो. कठड्याचं लॅकर ओरखड्यांच्या कडेनं सुटलं होतं आणि तिथून तपकिरी नकाशे पसरले होते. मधेच कुणीतरी पितांबरी घासली होती, त्यामुळे अर्धा कठडा पिवळा आणि अर्धा मळकट. मामांनी दोन तास थिनरनं लॅकर उतरवलं. पुन्हा लॅकर मारायचं का, असं घरातल्यांनी विचारलं. मामा घरातल्या आजींकडे वळले. “आजी, चिंच आहे का?”

आजींनी वाटीभर चिंच भिजवून, त्यात चिमूटभर मीठ घालून आणली. मामांनी सगळ्यात खालचा खांब घासून दाखवला, आणि आजींचा हात तिथंच रेंगाळला तसं पटकन तांब्यानं पाणी ओतलं. जास्त वेळ ठेवलं तर गुलाबी होतं, ते म्हणाले.