२९ टक्के भरलेला लॅपटॉप

पावसाळ्यात नाशिककर पेपर हातात आला की आधी गंगापूर धरणाचा आकडा बघतो. किती टक्के भरलं, पाणीकपात टळली का, रामकुंडावर पूर कधी येणार, सगळं त्या एका चौकटीत असतं. धरणाची क्षमता ५,६३० दशलक्ष घनफूट हेही बऱ्याच जणांना पाठ आहे. त्याचे लिटर मात्र कुणी करत बसत नाही. मी केले, आणि तेही भाच्याच्या लॅपटॉपपायी. उत्तर आलं सुमारे १५,९४० कोटी लिटर.

झालं असं, की भाच्याला गेमिंग लॅपटॉप घ्यायचा होता आणि "मामा, तुला आकड्यांतलं कळतं" म्हणून त्याने मला एम. जी. रोडवर ओढून नेलं. तिथे काउंटरवर सगळ्यात वरच्या पायरीवर जो लॅपटॉप मांडला होता, त्यात एन्व्हिडियाची आरटीएक्स ५०९० ही ग्राफिक्स चिप होती. त्या एका चिपमध्ये ट्रान्झिस्टर किती, तर ४,५६० कोटी. एक ट्रान्झिस्टर म्हणजे एक लिटर पाणी धरा. गंगापूर धरण जवळजवळ २९ टक्के भरतं. आणि हे सगळं पाणी मावतं कशात? ३७८ चौरस मिलिमीटरमध्ये. साधारण रुपयाच्या नाण्याएवढी जागा.

इथवर ऐकून कुणीही हरखून जाईल. मीही हरखलो. मग घरी येऊन डेस्कटॉपची आरटीएक्स ५०९० बघितली. तिच्यात ९,२२० कोटी ट्रान्झिस्टर आहेत. धरण ५८ टक्के. नाव तेच, आकडा तोच, डब्यावरचं हिरवं चित्रही त्याच घराण्यातलं. पाणी मात्र निम्मं. काम करणारे छोटे गाभे, म्हणजे कोर, डेस्कटॉपच्या चिपमध्ये २१,७६० आणि लॅपटॉपमध्ये १०,४९६. वीज डेस्कटॉपला ५७५ वॅट, लॅपटॉपला १५०. खरं तर लॅपटॉपमध्ये ५०९० म्हणून जी चिप बसते, त्याच जातीची चिप डेस्कटॉपमध्ये ५०८० या नावाने विकली जाते. फसवणूक म्हणावं तर तसं नाही, कारण "लॅपटॉप जीपीयू" हे शब्द कुठेतरी बारीक अक्षरांत असतात. पण चार लाख मोजणाऱ्याने ते भिंग घेऊन शोधायचे, हे काही बरं नाही.

चार लाख. हा आकडा तोंडाने म्हणायला सोपा आहे. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापलेल्या पाचशेच्या ८०० नोटा एकापुढे एक लांबीने मांडल्या तर १२० मीटर रांग होते. लासलगावच्या हिशेबाने बघायचं तर कांद्याला क्विंटलला १,५०० रुपये भाव धरा, २६७ क्विंटल कांदा लागेल. एका ट्रॉलीत २५ क्विंटल धरले तर दहा ट्रॅक्टरसुद्धा कमी पडतील. त्या चार लाखांतले ६१ हजार जीएसटीचे, कारण लॅपटॉपवर १८ टक्के कर आहे. म्हणजे दीड ट्रॅक्टरहून जास्त कांदा सरकारच्या दारातच रिकामा झाला.

एवढं देऊन मिळतं काय? भाच्याने पडद्याकडे बोट दाखवलं. २,५६० गुणिले १,६०० ठिपके, २४० हर्ट्झ. गुणाकार केला तर पडद्यावर ४१ लाख ठिपके आहेत आणि प्रत्येकाचा रंग सेकंदाला २४० वेळा नव्याने ठरतो. एका सेकंदात ९८ कोटी रंग. २०११च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाख होती. कल्पना करा, सुरगाण्यापासून येवल्यापर्यंत दर तिघांतल्या दोघांना मैदानात उभं केलंय आणि प्रत्येकाला सेकंदाला २४० वेळा सदरा बदलायचा आहे, तोही शेजाऱ्याशी जुळेल असा. एका बदलाला मिळणारा वेळ, सव्वाचार मिलिसेकंद.

पण ते ९८ कोटी रंग खरोखर मोजले जातात का? नाही. हे एन्व्हिडिया स्वतःच सांगते, आणि अभिमानाने सांगते. आधी चित्र छोटं काढायचं, चौथा हिस्सा ठिपके फक्त. उरलेले यंत्राने अंदाजाने भरायचे. मग खऱ्या एका चित्रामागे तीन चित्रं पुन्हा अंदाजानेच रचून मध्ये सरकवायची. चौथ्याचा चौथा, म्हणजे सोळा ठिपक्यांपैकी एक खरा मोजलेला आणि पंधरा रचलेले. आपल्याकडे खऱ्या गोष्टीला सोळा आणे खरी म्हणतात. ही एक आणा खरी. डोळ्याला ती बहुतेक वेळा सोळा आणेच वाटते, हेही कबूल करायला हवं. मात्र बंदूक रोखल्यावर ती खेळात कधी रोखली जाते, ते ठरतं खऱ्या चित्रांवर, आणि ती २४० नसून ६० असतात. डब्यावरचे "इतके एफपीएस" वाचताना हे डोक्यात असावं.

आता माझ्या आवडीची गोष्ट. डब्यावर "१,८२४ एआय टॉप्स" असं छापलेलं असतं. टॉप्स म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी क्रिया. १,८२४ लाख कोटी! पण हा आकडा चार बिटांच्या, अगदी ढोबळ संख्यांचा आहे. जणू दर वेळी "साधारण पंधरा-वीस" म्हणून पुढे जायचं. खेळातलं चित्र काढायला ३२ बिटांचं गणित लागतं. त्यात हीच चिप कमी गतीला सेकंदाला साधारण ३३ लाख कोटी आकडेमोडी करते. जगातल्या ८०० कोटी माणसांनी दर सेकंदाला एकेक बेरीज करायची म्हटलं तर तेवढ्यासाठी सगळ्या जगाला तासाहून जास्त वेळ राबावं लागेल. आणि शास्त्रज्ञ वापरतात त्या ६४ बिटांच्या काटेकोर गणितात हाच वेग अर्ध्या लाख कोटीवर येतो. चिप एक, आकडे तीन: १,८२४, ३३ आणि अर्धा. तिन्ही खरे. दुकानात फक्त पहिला ऐकू येतो.

यात आपल्या पुण्याची आठवण निघणारच. अमेरिका क्रे महासंगणक देईना म्हणून १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभं राहिलं आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. त्याचा कमाल वेग गिगाफ्लॉपच्या घरातला, म्हणजे सेकंदाला १०० कोटी आकडेमोडी. काटेकोर गणितातही हा लॅपटॉप त्याच्या पाचशेपट धावतो. पुढे २००७च्या नोव्हेंबरमध्ये टाटांच्या कंपनीने पुण्यातच उभारलेला 'एका' जगात चौथा आला. वेग ११८ लाख कोटी. आता कुणी उत्साही विक्रेता म्हणेल, "काका, एकाचा ११८ आणि याचा ३३, म्हणजे पाव महासंगणक मांडीवर!" ते चुकीचं आहे. एकाचे ११८ हे ६४ बिटांचे. त्याच मापाने लॅपटॉपचा अर्धा धरायचा, म्हणजे एकाच्या सव्वादोनशेवा भाग. कांद्याचा भाव क्विंटलला आणि द्राक्षाचा किलोला सांगून कोण महाग ते ठरवू नये, एवढंच.

मग विचारायचं काय? माझं मत स्पष्ट आहे: वॅट. एकाच नावाची चिप कंपन्या वेगवेगळ्या विजेवर चालवतात. आरटीएक्स ५०७० टीआय ६० वॅटवरही मिळते आणि ११५ वॅटवरही, वर आणखी २५ची सवलत. पातळ, देखण्या लॅपटॉपमध्ये बहुधा पहिली असते. स्टिकर दोन्हीवर सारखाच. हे म्हणजे मोटर पाच अश्वशक्तीची म्हणून सांगायची आणि पाइप अर्ध्या इंचाचा द्यायचा. गंमत अशी की वीज मर्यादित असली की महागडी चिपही हात आखडते. लॅपटॉपच्या ५०८०मध्ये ७,६८० कोर आणि ५०९०मध्ये १०,४९६, म्हणजे ३७ टक्के जास्त. पण दोघींची विजेची मर्यादा १५० वॅटच. त्या ३७ टक्क्यांतले निम्मेसुद्धा खेळात हाताला लागत नाहीत. पैसे मात्र पुरते लागतात.

वीज जास्त का देत नाहीत, याचं उत्तर लॅपटॉपच्या पोटावर हात ठेवला की मिळतं. १५० वॅट आणि पावणेचार चौरस सेंटिमीटर जागा: चौरस सेंटिमीटरला ४० वॅट. स्वयंपाकघरातली १८ सेंटिमीटरची, २,००० वॅटची विजेची शेगडी चौरस सेंटिमीटरला आठ वॅट देते. पाचपट तापलेली शेगडी, आणि तिच्यावर बोटं ठेवून खेळायचं. ती थंड ठेवायला आत तांब्याच्या नळ्या आणि दोन-तीन पंखे. मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असली तर ते पंखे तरी कुठली गार हवा आणणार? सोबतचा अडॅप्टर ३३० ते ४०० वॅटचा. भाच्याने तो उचलून मनगटावर तोलला आणि म्हणाला, "वीट आहे." बॅटरी बहुतेक ९९ वॅट-तासांची, त्याहून मोठी नाही. कारण विमानात परवानगीशिवाय १०० वॅट-तासांपर्यंतचीच बॅटरी नेता येते. ओझरला विमान धरणाऱ्यासाठी ही मर्यादा आहे. २०० वॅट ओढले तर ती अर्ध्या तासात आटते. म्हणून प्लग काढला की लॅपटॉप आपणहून जोर कमी करतो. मांडीवरचा संगणक हे फक्त नाव राहिलं.

"पुढे अपग्रेड करू" हे वाक्य प्रत्येक घरात म्हटलं जातं. मीही म्हटलं. मग दुकानातल्या मुलाने एका जुन्या लॅपटॉपचं खालचं झाकण उघडून दाखवलं: दहा-बारा स्क्रू, मग कडेने प्लास्टिकच्या खिट्ट्या टक् टक् सुटत गेल्या. आत बदलता येण्यासारख्या गोष्टी दोनच. रॅमच्या पट्ट्या, आणि २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब अशी एसएसडीची पट्टी. तिला २२८० म्हणतात ते म्हणूनच. ग्राफिक्स चिप आणि प्रोसेसर मदरबोर्डला डाख देऊन बसवलेले. ते बदलायचे तर लॅपटॉपच बदलायचा.

त्यामुळे चिपची स्वतःची मेमरी आज घ्याल तीच शेवटपर्यंत. इथे एक आकडा मला खरंच खटकतो. २०१५च्या सिंहस्थाच्या वेळी लॅपटॉपमधली भारी चिप होती जीटीएक्स ९८० एम. ट्रान्झिस्टर ५२० कोटी, धरणाच्या भाषेत सव्वातीन टक्के. तिची आठ जीबीची आवृत्ती मिळत असे. त्यानंतर धरण सव्वातीनवरून २९वर गेलं. पण २०२५ सालच्या ५०६० आणि ५०७० या लॅपटॉप चिपांमध्ये मेमरी अजूनही आठच जीबी आहे. पुढचा सिंहस्थ उंबरठ्यावर आला तरी आठाचे नऊ झाले नाहीत. ज्याला चार-पाच वर्षं लॅपटॉप वापरायचा आहे त्याने या आठापासून लांब राहावं.

रॅमचं उलटं होतं. "आत्ता १६ घ्या, पुढे स्वस्त झाली की ३२ करा" हा सल्ला वर्षानुवर्षं बरोबर ठरला. २०२५च्या अखेरीस तो आपटला. मेमरी बनवणाऱ्यांनी माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळवला, भाव भडकले, आणि मायक्रॉनने तर किरकोळ ग्राहकांसाठीचा आपला क्रुशल हा ब्रँडच बंद करत असल्याचं डिसेंबरमध्ये सांगून टाकलं. तेव्हा रॅम आधीच पुरेशी घ्या, आणि घ्याल ती दोन पट्ट्यांत. एका पट्टीवर चालणारा लॅपटॉप म्हणजे एका बैलाची गाडी. एसएसडीचं तसं नाही. एक टीबी पुरते, दुसरी जागा रिकामी असली म्हणजे झालं. एक टीबीचे विंडोजमध्ये ९३१ दिसतात, हे मापात पाप नाही: बनवणारा हजाराने मोजतो आणि विंडोज १,०२४ने. 'रेड डेड रिडेम्पशन २' हा एक खेळ १५० जीबी मागतो. म्हणजे असे सहा, आणि मग जुना काढल्याशिवाय नवा नाही. मुलांसाठी ही चांगली शिस्त आहे, असं माझ्या बहिणीचं मत.

आम्ही शेवटी सव्वादोन लाखांचा घेतला. ५०७० टीआय, १२ जीबी, ११५ आणि २५ मिळून १४० वॅट, रॅमच्या दोन पट्ट्या, एसएसडीची एक जागा रिकामी. पाच अंकी पगारावर घर चालवणाऱ्या माझ्या मेव्हण्यांनी बिलाकडे दोनदा बघितलं आणि काही बोलले नाहीत. वॅटचा आकडा विक्रेत्याला तोंडपाठ नव्हता. कंपनीच्या तक्त्यातून शोधायला त्याला दहा मिनिटं लागली. ती दहा मिनिटं तुम्हीही थांबा. आकडा सापडल्याशिवाय कार्ड बाहेर काढू नका.

या चिपमध्ये ३,११० कोटी ट्रान्झिस्टर आहेत. भाच्याचं धरण साडेएकोणीस टक्के भरलंय, आणि अजून तरी त्याने पाणीकपातीची तक्रार केलेली नाही.