चौकटींच्या दुनियेत : फाटलेलं पत्र

गेल्या आठवड्यात आपण ‘फ्लॅशपॉइंट’ वाचलं. जेफ जॉन्स आणि अँडी क्युबर्ट यांची ही २०११ मधली पाच अंकांची मालिका. बॅरी अ‍ॅलन, म्हणजे फ्लॅश, आईचा खून टाळायला भूतकाळात धावला आणि त्यामुळे सगळं जगच विस्कटलं. त्या जगात गल्लीतल्या गोळीने आईवडील नव्हे, तर लहानगा ब्रूस, म्हणजे आपल्या जगातला बॅटमॅन, गेला. मागे उरलेल्या वडिलांनी, थॉमस वेन यांनी, बॅटमॅनचा मुखवटा चढवला. बॅरी मूळ जगात परतला तेव्हा त्याच्याजवळ थॉमस यांनी मुलासाठी लिहिलेलं पत्र होतं. ते वाचून ब्रूस रडला, तिथे आपण थांबलो होतो.

त्या पत्राचं पुढे काय झालं, हे ‘द बटन’मध्ये कळतं. एप्रिल-मे २०१७ मधली ही कथा चारच अंकांची आहे, पण ती दोन मासिकांत वाटलेली आहे: ‘बॅटमॅन’चे अंक २१ आणि २२, ‘फ्लॅश’चेही २१ आणि २२. एकाचं सूत्र दुसऱ्याने उचलायचं, याला क्रॉसओव्हर म्हणतात. बॅटमॅनच्या वाचकाने फ्लॅशचा अंकही विकत घ्यावा हा त्यातला सरळ व्यापारी हिशेब, आणि बऱ्याच क्रॉसओव्हरमध्ये हिशेबापलीकडे काही हाती लागत नाही. इथे लागतं.

निमित्त एका बिल्ल्याचं आहे. बॅटमॅनच्या गुहेच्या भिंतीत रुतलेला, रक्ताचा डाग पडलेला, हसऱ्या चेहऱ्याचा पिवळा बिल्ला. तो अ‍ॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांच्या ‘वॉचमेन’मधून आलाय. लेखक टॉम किंग आणि चित्रकार जेसन फेबक यांनी पहिल्या भागात ‘वॉचमेन’चीच नऊ चौकटींची मांडणी वापरली आहे. फ्लॅश मिनिटाभरात पोहोचतो म्हणालाय आणि तेवढ्यात रिव्हर्स-फ्लॅश, म्हणजे इओबार्ड थॉन, गुहेत घुसतो. त्या विस्कटलेल्या जगात थॉमस यांनी त्याला ठार केलं होतं, त्याचा सूड आता तो मुलावर उगवतो. सेकंद मोजत मोजत मारहाण चालते. चौकटी लहान आणि एकसारख्या असल्यामुळे ते एक मिनिट वाचताना संपता संपत नाही. त्यातच थॉन ते पत्र फाडतो. मला हाडं मोडण्यापेक्षा ती एक चौकट जास्त क्रूर वाटली. मेलेल्या बापाचं हस्ताक्षर मुलाकडे एवढंच होतं.

मग बिल्ल्याचा माग काढत बॅरी आणि ब्रूस कालप्रवासाच्या ट्रेडमिलवर धावतात आणि भलत्याच ठिकाणी आदळतात. ती त्या विस्कटलेल्या जगातली गुहा असते. समोर थॉमस उभे असतात, जिवंत. बाहेर शत्रूच्या फौजा चालून येताहेत आणि हाताशी मोजकीच मिनिटं आहेत.

हा तिसरा भाग जोशुआ विल्यमसन यांनी किंग यांच्या साथीने रचला, चित्रं पुन्हा फेबक यांची. मला विचाराल तर सगळ्या कथेचा जीव इथे आहे. ब्रूस वडिलांना सांगतो की तुम्ही आजोबा झाला आहात, मला मुलगा आहे. वाक्य साधंच, पण आठव्या वर्षी पोरका झालेल्या माणसाने ते बापाच्या तोंडावर सांगावं, यासाठीच जणू काळाचं यंत्र लागलं. निरोपाच्या क्षणी थॉमस मुलाकडे एकच मागणं मागतात: बॅटमॅन होणं सोड, तुझ्या मुलाचा बाप हो. आणि स्वतः मागे राहतात.

इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ आठवा. तिथे मुखवटा बापाकडून मुलाकडे पिढ्यान्‌पिढ्या येतो आणि तो घेणं हाच पुत्रधर्म असतो. इथे मुखवटा घातलेला बाप मुलाला तो उतरवायला सांगतो. हे सांगण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाला आहे? ब्रूसला वाढवणाऱ्या आल्फ्रेडलाही नाही.

चौथा भाग मात्र उणा पडतो. थॉनचा शेवट होतो, बिल्ल्याचा मालक कोण याची निळी झलक दिसते आणि रहस्य पुढच्या मालिकेवर ढकललं जातं. वडिलांच्या मागणीला ब्रूसचं उत्तर काय, यावर लेखक पुरेसा रेंगाळत नाही. चार अंकांच्या पैशांत शेवटही हवा होता, ही वाचकाची तक्रार मला रास्त वाटते.

तरी त्या भागात हॉवर्ड पोर्टर यांनी काढलेला जे गॅरिक चुकवू नका. १९४० मधला हा पहिला फ्लॅश, पंखांच्या शिरस्त्राणासह, काळाच्या पोकळीत दोघांना वाचवायला येतो. १९६१ मध्ये बॅरी आणि जे पहिल्यांदा भेटले, तेव्हापासून हे नातं काका-पुतण्यासारखं वाढलेलं. पण या बॅरीला त्यातलं काहीच आठवत नाही. तो हात धरून ठेवायला बघतो, आणि जे पुन्हा अदृश्य होतो. जे कुठे गेला, हे ‘डूम्सडे क्लॉक’मध्ये येतं. पुढच्या आठवड्यात तेच उघडू.