दाराचा सेन्सर पाण्याच्या टाकीवर : जर-तरचा एक घरगुती धडा



पहाटे पाच वाजता नळाला पाणी येतं. कोणीतरी उठून मोटर लावतं, पुन्हा डोळा लागतो आणि गच्चीवरची टाकी वाहू लागते. मग खालच्या काकूंची हाक येते, "अहो, टाकी भरली, मोटर बंद करा!" आमच्याकडे हे 'कोणीतरी' म्हणजे बहुतेक वेळा आई. वर्षानुवर्षे तिची पहाटेची झोप या मोटरीत अडकलेली होती. म्हणून आज आपण घरातलाच एक छोटा सेन्सर वेगळ्या कामाला कसा लावता येतो, ते पाहू या.

किती पाणी वाया जातं?

आधी हे गणित मुलांकडून करून घ्या. १५ लिटरची बादली मोटरच्या पाण्याने किती सेकंदांत भरते, ते मोजा. आमच्याकडे ३० सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला ३० लिटर. टाकी २० मिनिटं वाहिली तर ६०० लिटर पाणी गेलं. जल जीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरलं आहे. त्या हिशेबाने ते जवळजवळ ११ माणसांचं एका दिवसाचं पाणी! हे उत्तर स्वतः काढल्यावर 'पाणी वाचवा' हे भिंतीवरचं वाक्य मुलांना वेगळंच वाटतं.

सेन्सरला नेमकं काय कळतं?

दार उघडलं की मोबाईलवर संदेश देणारा सेन्सर अनेकांनी पाहिला असेल. त्याचे दोन तुकडे असतात. एकात लोहचुंबक, दुसऱ्यात बहुधा रीड स्विच. रीड स्विच म्हणजे बंद काचेच्या नळीतल्या दोन बारीक धातूच्या पट्ट्या. चुंबक जवळ आला की त्या एकमेकींना चिकटतात, दूर गेला की सुटतात. १९३६ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत वॉल्टर एलवुड यांनी हा स्विच तयार केला.

म्हणजे बघा, या सेन्सरला 'दार' ठाऊकच नाही. त्याला फक्त 'चुंबक जवळ आहे की नाही' एवढंच कळतं. त्याचा अर्थ दार लावायचा, खिडकी लावायचा की टाकी, हे आपण ठरवायचं. आजच्या धड्याचा गाभा हाच आहे.

आम्ही काय केलं?

पहिला प्रयोग फसला. पाणी सांडल्याचं सांगणारा सेन्सर मी टाकीच्या झाकणाला आतून टांगला. त्याला खाली दोन धातूचे ठिपके असतात. पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे त्या ठिपक्यांमधून थोडी वीज वाहते आणि सेन्सर ओरडतो. पण टाकीतल्या वाफेचे थेंब झाकणाला जमायचे आणि टाकी अर्धी असतानाच भोंगा वाजायचा. दोन दिवसांत आई म्हणाली, "यापेक्षा मी उठते ते बरं."

दुसऱ्यांदा दाराचा सेन्सर घेतला. झाकणाला एक अरुंद फट पाडली आणि त्यातून प्लॅस्टिकची फूटपट्टी आत सोडली. पट्टीच्या खालच्या टोकाला बूच घट्ट लावलेली रिकामी बाटली बांधली. वरच्या टोकाला आडवा बोल्ट घातला, त्यामुळे पट्टी झाकणावर टांगलेली राहते. झाकणाच्या लगेच वर पट्टीला चुंबक चिकटवला आणि त्याच्या शेजारी, साधारण एक सेंटीमीटरवर, सेन्सर बसवला. पाणी वर आलं की बाटली तरंगते, पट्टी उचलली जाते, चुंबक दूर जातो आणि मोबाईलवर संदेश येतो, 'दार उघडले'. आमच्या घरी त्याचा अर्थ 'टाकी भरली'.

बाटली अशा उंचीवर ठेवा की पाणी ओव्हरफ्लो पाईपपर्यंत पोहोचण्याआधीच ती उचलली जाईल. सगळ्यावर प्लॅस्टिकचा डबा उपडा घालून कडा बंद करा. पावसासाठी तर हवाच, पण डासांसाठीही. डेंग्यूचे डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतात, त्यामुळे झाकणाची फट उघडी ठेवून चालणार नाही.

आता व्याकरण!

अ‍ॅपमध्ये नियम लिहायचा असतो : 'जर सेन्सर उघडला, तर मोटर बंद.' हे आपलं संकेतबोधक अव्ययाचं वाक्यच की! वर्गात मुलांना असे नियम वहीत लिहायला सांगा आणि प्रत्येक नियमाला "पण... तर?" असा प्रश्न विचारा.

- पण सेन्सरची बॅटरी संपली तर? संदेशच येणार नाही.
- पण वायफाय बंद पडलं तर? पुन्हा तेच.
- पण खालचा हौदच रिकामा असेल तर? मोटर कोरडी चालेल आणि तिचं सील खराब होईल.

या प्रश्नांतूनच आमचा शेवटचा नियम निघाला. हजार लिटरची टाकी मिनिटाला ३० लिटरने साधारण ३३ मिनिटांत भरते. म्हणून 'सेन्सर काही सांगो वा न सांगो, ४० मिनिटांनी मोटर बंद' असा टायमर लावला. हौदासाठी असाच दुसरा सेन्सर बसवता येतो. यंत्र बिघडेल हे गृहीत धरूनच नियम लिहायचा, हे मुलांना इथे सहज उमगतं.

एक महत्त्वाची सूचना

सेन्सर बॅटरीवर चालतो, तो मुलांसोबत बसवायला हरकत नाही. मोटरची जोडणी मात्र वायरमनकडूनच करून घ्या. मोटर सुरू होताना नेहमीपेक्षा कितीतरी पट जास्त करंट ओढते, त्यामुळे साधा स्मार्ट प्लग जळू शकतो. मोटरच्या क्षमतेचा स्टार्टर किंवा काँटॅक्टर आणि शॉकपासून वाचवणारा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवाच. हे जमत नसेल तर मोटर हातानेच बंद करा, नुसता संदेश आला तरी पुरे. आम्हीही पहिला महिना तेवढंच केलं.

आई अजूनही पाचला उठते, सवयच ती. पण आता चहा घेऊन निवांत बसते, गच्चीकडे कान लावून नाही.

या सुट्टीत मुलांसोबत बादली आणि घड्याळ घेऊन सुरुवात करा. सेन्सर नंतर आला तरी चालेल, आधी 'जर-तर' वहीत उतरू द्या.