झडप नवी, पण राखण रोजची

विहिरीवरच्या मोटरीचा फूटव्हॉल्व्ह तुमच्या चांगल्या परिचयाचा आहे. पाणी वर चढू द्यायचे, मागे परतू द्यायचे नाही, एवढेच त्याचे काम. त्यात पाचोळा अडकला की मोटर नुसतीच फिरते, पाटाला पाणी येत नाही. आपल्या हृदयातही अशा चार झडपा असतात. त्यांतली एक महारोहिणीच्या तोंडाशी असते. सर्व शरीराला जाणारे शुद्ध रक्त तिच्यातूनच बाहेर पडते.

लहानपणी घसा सुजून आलेल्या सांधेज्वराने किंवा उतारवयात चुना साचून ही झडप खराब होते. मग ती बदलावी लागते. नवी झडप दोन प्रकारची असते. एक धातू व कार्बनची; ती फार वर्षे टिकते. दुसरी गाय किंवा डुकराच्या ऊतींपासून केलेली. ती साधारण १० ते १५ वर्षे चालते. २००२ साली फ्रान्समधील रुआँ येथे डॉ. अलँ क्रिबिये यांनी छाती न उघडता, मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी घालून अशी झडप प्रथमच बसवली.

शस्त्रक्रिया झाली, रोगी घरी आला, की घरच्यांना वाटते, संकट टळले. पण खरी राखण इथून सुरू होते.

गुठळी का होते?

विळ्याने बोट कापले तर रक्त गोठते, म्हणूनच आपण वाचतो. परंतु रक्ताला नवी झडप परकी वाटते आणि तिच्यावरही ते गोठू पाहते. गुठळी वाढली तर झडप नीट उघडत-मिटत नाही. तिचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर पक्षाघात होतो. धातूच्या झडपेला हा धोका जन्मभर असतो, म्हणून रक्त पातळ ठेवणारी वॉरफॅरिनसारखी गोळी जन्मभर घ्यावी लागते. ऊतींच्या झडपेला धोका कमी, पण तो अजिबात नाही असे नव्हे. नळीतून बसवलेल्या काही झडपांच्या पाकळ्यांवर पातळ गुठळी धरते आणि रोग्याला कसलाही त्रास जाणवत नाही, हे २०१५ साली सीटी स्कॅनच्या अभ्यासातून पुढे आले. म्हणून बरे वाटत असले तरी तपासणी चुकवू नये.

गोळी आली गोठ्यातून

या गोळीचा जन्म गोठ्यातला आहे, हे ऐकून नवल वाटेल. अमेरिकेत बुरशी आलेला स्वीट क्लोव्हर नावाचा चारा खाऊन जनावरे रक्तस्रावाने मरत. १९३३ साली विस्कॉन्सिनचा एक शेतकरी मेलेली कालवड, तो चारा आणि न गोठणारे रक्त भरलेली दुधाची कॅन घेऊन, बर्फाच्या वादळातून विद्यापीठातल्या कार्ल लिंक या शास्त्रज्ञाकडे पोहोचला. त्या संशोधनातून पुढे वॉरफॅरिन निघाले. आधी ते उंदीर मारण्यासाठी विकले गेले आणि १९५४ पासून माणसांचे औषध झाले.

यातच गोळीचा गुण आणि धोका दोन्ही आले. कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. म्हणून आयएनआर नावाची रक्ततपासणी ठरल्या दिवशी करावीच. निरोगी माणसाचा आकडा १ च्या आसपास असतो. महारोहिणीच्या धातूच्या झडपेसाठी तो बहुधा २ ते ३ ठेवतात. तुमचा आकडा तुमचे डॉक्टरच ठरवतील.

घरच्यांनी एवढे पाळा

गोळी रोज एकाच वेळी द्या. सुगी असो, लग्न असो, खाडा नको. एक दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन देऊ नका. मेथी, पालक बंद करायची गरज नाही. मात्र एक आठवडा भाजीच नाही आणि दुसऱ्या आठवड्यात रोज पालक, असे करू नका. अंगदुखीची गोळी, काढा किंवा झाडपाल्याचे औषध विचारल्याशिवाय नको. दात काढायचा असेल किंवा घरातील सुनेला दिवस जाण्याची शक्यता असेल, तर आधीच डॉक्टरांना सांगा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

धाप वाढली, धातूच्या झडपेची टिकटिक दबली, बोलणे अडखळले, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, डोक्याला मार लागला किंवा शौच काळी झाली, तर सकाळची वाट पाहू नका. मिळेल त्या वाहनाने मोठे रुग्णालय गाठा आणि गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्या.

उभ्या पिकाची राखण आपण रात्र जागून करतो. घरच्या माणसाच्या झडपेला रोजची एक गोळी आणि वेळेवरची एक तपासणी पुरते. तेवढी चुकू देऊ नका.