करंजाच्या तेलापासून यीस्ट बनवतं साबणासारखं द्रव्य, ते कसं?

रिठा पाण्यात घुसळला की फेस येतो, हे आपल्याला माहिती आहे. पण यीस्टच्या काही जातीही साबणासारखं काम करणारं द्रव्य बनवतात, हे माहिती होतं का?

आधी साबणाचं गणित समजून घेऊ. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. म्हणून तेलकट मळ पाण्यासोबत निघून जातो. अशा पदार्थांना सर्फॅक्टंट म्हणतात. डिटर्जंटमधले बरेच सर्फॅक्टंट पेट्रोलियमपासून बनतात.

आता यीस्टकडे येऊ. 'स्टार्मरेला बॉम्बिकोला' नावाचं यीस्ट बम्बलबी या माशीच्या मधात सापडलं. त्याला साखर आणि तेल खाऊ घातलं की ते सोफोरोलिपिड तयार करतं. यातला साखरेचा भाग पाण्याकडे ओढ घेतो, तर तेलातून आलेला भाग तेलाकडे. यीस्टच्या अशा द्रव्याची पहिली नोंद 1961 साली कॅनडातल्या संशोधकांनी केली.

याचे गुण काय?

- पाण्याचा पृष्ठताण 72 वरून साधारण 35 मिलिन्यूटन प्रति मीटरपर्यंत उतरतो.
- फेस कमी येतो, त्यामुळे भांडी धुण्याच्या मशीनला सोयीचं.
- मातीत-पाण्यात सहज विघटन होतं.
- त्याचे काही प्रकार ठरावीक जिवाणूंची वाढही रोखतात.

महाराष्ट्रात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अस्मिता प्रभुणे यांनी सोफोरोलिपिडवर बरंच काम केलं. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी तर यीस्टला करंज आणि जट्रोफाचं तेल दिलं आणि त्यापासून सोफोरोलिपिड मिळवलं. तो शोधनिबंध 2012 साली आला.

करंजाचं तेल कडू, खायला चालत नाही. म्हणजे कुणाच्या ताटातलं तेल यासाठी काढून घ्यावं लागत नाही. कोरपना, राजुरापासून गडचिरोलीपर्यंतच्या लोकांना करंज ओळखीचा आहे, म्हणून ही गोष्ट त्यांच्या कामाची.

मग हे सगळीकडे का मिळत नाही? कारण किंमत. निर्जंतुक टाकी, कित्येक दिवसांचं आंबवणं आणि शेवटी शुद्धीकरण, या सगळ्याचा खर्च साध्या डिटर्जंटपेक्षा जास्त पडतो. त्यामुळे स्वस्त तेल मिळणं महत्त्वाचं.

पण इथेच खरी मेख आहे. कारखान्याला जे तेल स्वस्त हवं, त्याच्याच बिया कुणीतरी उन्हात वेचलेल्या असतात. त्या वेचणाऱ्यांना चार पैसे जास्त मिळायचे असतील, तर निदान तेल काढण्याचं काम तरी त्यांच्या गावाजवळ व्हायला हवं.