छपरावर चढणाऱ्याच्या पायात काय असावे?

मे महिना सरत आला की तारापूर औद्योगिक वसाहतीत जिकडे बघावे तिकडे शेडवर माणसे दिसतात. गळका पत्रा बदलायचा, स्क्रूखालचे कुजलेले वॉशर काढायचे, पन्हाळीतला गाळ उपसायचा. पालघर जिल्ह्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यामुळे ही सगळी कामे जूनच्या आत उरकावी लागतात. बोईसरच्या एका शेडवर अशी टोळी कामाला लागली होती. मी पाहत होतो त्यांचे पाय.

कारखान्याच्या गेटवर सेफ्टी शूजची सक्ती असते. त्या बुटाची पोलादी टोपी 200 ज्यूलचा आघात सोसते. म्हणजे साधारण 20 किलोचे वजन एक मीटरवरून पडले तरी बोटे वाचतात. यंत्राशेजारी हे हवेच. छपरावर मात्र वरून काही पडत नसते, पडतो तो माणूस. तिथे जाड, ताठ तळाच्या बुटातून पायाखालचा स्क्रू कळत नाही आणि पत्र्याच्या उंचवट्यावर टाच डगमगते.

टोळीतल्या जुन्या कारागिराची तपासणी बघण्यासारखी होती. त्याने बूट हातात घेऊन वाकवला. तो बोटांच्या मुळाशी सहज वाकला पाहिजे. मग तळाच्या रबरात नख रुतवले. खूण उमटून लगेच भरून आली, तर रबर जिवंत. शिडीपाशी गोणपाट टाकलेला होता. त्यावर तळ घासल्याशिवाय तो कोणालाही वर जाऊ देत नव्हता, कारण धुरांड्याजवळच्या पत्र्यावर काजळीचा आणि तेलाचा पातळ थर बसलेला असतो. खोल नक्षीत माती अडकली की तीही घसरवते. एकाचे बूट त्याने परत पाठवले. दिसायला ते नवेच होते, पण पीयूच्या तळाचे तुकडे पडत होते. दमट हवेत नुसते ठेवून दिले तरी पॉलियुरेथेन आतून कुजते. किनारपट्टीवर ही गोष्ट ध्यानात ठेवायलाच हवी.

बूट घेताना आयएसआय शिक्का आणि आयएस 15298 हा आकडा बघावा. तळाला ‘एसआरसी’ लिहिलेले असेल, तर तो साबणपाणी लावलेल्या फरशीवर आणि ग्लिसरीन लावलेल्या पोलादावर, अशा दोन्ही घसरण-चाचण्यांत उतरला आहे. या चाचण्या सपाट पृष्ठभागावर होतात. उतरत्या ओल्या पत्र्याची हमी त्यात नाही.

केळवे, माहीम, चिंचणीकडच्या कौलारू घरांची गोष्ट वेगळी. तिथे शाकारणी करणारे बहुतेक अनवाणीच चढतात. कौल हलले की उघड्या तळव्याला आधी कळते, हे खरेच आहे. पण शेवाळावर अनवाणी पायही घसरतो, आणि फुटक्या कौलाची धार तळवा कापते. पातळ, सपाट रबरी तळाचा, घोट्याशी घट्ट बांधलेला कॅनव्हासचा बूट इथे उपयोगी. पाय टाकायचा तो कौलाच्या खालच्या टोकाशी, जिथे ते दुसऱ्या कौलावर चढलेले असते आणि खाली रीप असते.

सर्वांत धोक्याचा सिमेंटचा जुना पत्रा. तो वरून धड दिसतो आणि पाय पडताच फुटतो. “भाऊ, बूट पाय धरील, पण पत्र्याने माणूस धरायला पाहिजे ना,” असे तो कारागीर म्हणाला. म्हणून अशा पत्र्यावर पाय ठेवायचाच नाही. दोन पर्लिनवर, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या आधारांवर, टेकलेली फळी टाकायची, तिच्यावरूनच चालायचे, आणि हार्नेसचा दोर भक्कम आधाराला अडकवायचा. पडण्याची शक्यता असेल तिथे कठडा वा अन्य बंदोबस्त करण्याची जबाबदारी कारखान्याची, हे 1948च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 32 मध्येच सांगितले होते.

चांगला बूट घसरणे टाळतो. फळी आणि दोर जीव वाचवतात. यातले एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही. कारखानदार असा की घरमालक, छपराच्या कामाचा दर ठरवताना मजुरीबरोबर या तिन्हींचे पैसे धरा. आणि छप्पर ओले असेल, तर काम उद्यावर ढकला.