काकतीहून समुद्र जवळ, पण पाण्याची वाट लांबची

बेळगावजवळच्या काकतीच्या शिवारात पडलेला पाऊस मार्कंडेय नदीत उतरतो, गोकाकच्या बाजूला घटप्रभेला मिळतो आणि कृष्णेतून पार आंध्रात, हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागरात पोचतो. अरबी समुद्र मात्र पश्चिमेला सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही! चार दिवस सुट्टी मिळाली की आपण चोर्ला घाटाने दुपारपर्यंत गोव्यात असतो.

त्याच रस्त्यावर कणकुंबी लागते. तिथे उगम पावणारी मलप्रभाही समुद्राकडे पाठ करून पूर्वेला कूडलसंगमाकडे निघते. उलट खानापूर तालुक्यातलीच म्हादई घाट उतरते आणि मांडवी होऊन पणजीला समुद्रात शिरते. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर भारतापासून तुटला, तेव्हा या पश्चिम कडेची घडण सुरू झाली, असं भूवैज्ञानिक मानतात. कडा उंच, उतार पूर्वेला; म्हणून पाणलोट असा अगदी काठावर दुभंगतो.

आपण साडेसातशे मीटर उंचीवरची माणसं. घाट उतरला की हवा दमट होते, घाम वाळत नाही आणि साखळीपर्यंतच पोरांची कुरकुर सुरू होते. मे महिन्यात सुट्टी असते म्हणून मेमध्येच जायचं, हा आपला हट्ट इथे महागात पडतो. दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा वर जाते आणि समुद्रावरून खारे वारे येतात, एवढाच काय तो दिलासा.

पण खरं नवल पुळणीचं. तिला आपण कायमची समजतो, ती तशी नसते. पावसाळ्यातल्या उंच, लागोपाठ येणाऱ्या लाटा किनाऱ्याची वाळू ओरबाडून आत नेतात आणि पाण्याखाली तिचे दांडे घालतात. पावसाळा सरल्यावर संथ लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. जूनमध्ये अरुंद, उतरता दिसणारा किनारा हिवाळ्यात ऐसपैस होतो तो यामुळे.

त्या दांड्यांमुळेच जीवही जातात. लाटांनी काठावर आणलेलं पाणी परत जायला दांड्यातली फट शोधतं आणि तिथून जोराने आत ओढलं जातं. दोन्हीकडे पांढऱ्या लाटा फुटत असतात आणि मधला पट्टा शांत दिसतो. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. ओढ लागली तर काठाकडे झुंजत बसू नये. दम राखून किनाऱ्याला समांतर पोहावं, पट्टा संपला की वळावं. पोहता येत नसेल तर तरंगत राहून हात वर करावा. गोव्याच्या मुख्य किनाऱ्यांवर जीवरक्षक असतात, त्यांनी लाल बावटा लावला की वाद घालू नये.

आता जायचं कुठे? कळंगुट-बागा भागात राहण्याखाण्याची सोय भरपूर, पण सुट्टीत वाळूपेक्षा माणसंच जास्त. कासवं अंडी घालतात ते मोरजी, आगोंद, गालजीबाग शांत; मात्र विणीच्या हंगामात रात्री दिवे आणि दंगा नको. माझं मत विचाराल तर बेळगाव-वेंगुर्ला रस्ता धरावा. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्याकडे त्याच्या पाचव्या हिश्श्याइतका. तिथल्या धुक्यातून खाली उतरण्यातच निम्मी सहल होते. पुढे मालवणला शिवाजी महाराजांनी 1664 साली बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग आहे. चहूबाजूंनी खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी! हॉटेलं गोव्याइतकी नाहीत आणि रात्री उशिरा जेवण मिळेलच असं नाही, हा तोटा मान्य.

ताज्या मासळीसाठी जून-जुलैत जाऊ नका, तेव्हा यांत्रिक बोटींना बंदी असते. दिवाळीनंतर जा: हवा सुसह्य, पुळण भरलेली, समुद्र बराच निवळलेला. आणि निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ बघा; ती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते.